झेलणार कोण?

दर वर्षी एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर अमेरिकेतल्या कॉलेजांचे आणि विद्यापीठांचे चीअरलीडिंग संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी जमतात. समुद्राकाठच्या खुल्या रंगमंचावर जेमतेम सव्वादोन मिनिटांच्या कसरती होतात, त्यांच्या चित्रफिती जगभर फिरतात आणि मागोमाग तोच जुना वाद येतो: याला खेळ म्हणायचं का? एक बाजू सुजलेले घोटे, निखळलेले खांदे आणि डोक्याला बसलेले मार मोजून दाखवते आणि विचारते, हा खेळ नाही तर काय? दुसरी बाजू रिबिनी, चमकी आणि न ढळणारं हसू दाखवते आणि म्हणते, हा दुसऱ्यांच्या खेळासाठी केलेला नाच. मराठी घरांत तर हा वाद सुरू होण्याआधीच मिटतो. आपल्याकडे चीअरलीडर माहीत झाली ती २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये. सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या परदेशी मुली आणि त्यांच्या कपड्यांवरून उठलेला गदारोळ, एवढंच चित्र मनात राहिलं. म्हणून अमेरिकेतल्या एखाद्या भाचीची विद्यापीठाच्या चीअर संघात निवड झाली, तर अभिनंदन करावं की नाही इथूनच नातेवाइकांची अडचण सुरू होते.

हा सगळा वाद चुकीच्या जागी घातला जातोय, असं माझं ठाम मत आहे. कसरत किती अवघड आहे, किती घाम गळतो, यावरून काहीही ठरत नाही आणि ठरूही नये. विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. विद्यापीठाचं नाव छातीवर लावून, विद्यापीठाने नेमलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, एकोणीस-वीस वर्षांची मुलं-मुली एकमेकांना हवेत फेकत असतील, तर त्यांच्या जिवाची आणि त्यांच्याशी होणाऱ्या वागणुकीची जबाबदारी नेमकी कोणाची? माझं उत्तर सरळ आहे. त्या संघाला खेळ म्हणा, कला म्हणा, विद्यार्थ्यांचा उपक्रम म्हणा. विद्यापीठातल्या फुटबॉल किंवा व्हॉलीबॉल संघाला जे सुरक्षेचे नियम, जी वैद्यकीय सोय आणि प्रशिक्षकावर जी देखरेख लागू आहे, ती या संघाला जशीच्या तशी लागू झाली पाहिजे. मान्यतेचा वाद त्यानंतर सावकाश घालता येईल.

प्रशिक्षकाच्या हातात किती काय असतं, हे कळायला एक बास्केट टॉस जवळून बघावा. दोघं जण समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकाने एका हाताने स्वतःचं मनगट धरलेलं आणि दुसऱ्या हाताने समोरच्याचं. चार हातांचा घट्ट चौकोन तयार होतो. त्यांना बेस म्हणतात. फ्लायर म्हणजे वर जाणारी मुलगी त्या चौकोनात पाय ठेवते, मागे उभा असलेला बॅक स्पॉट तिला कमरेखालून आधार देतो, कोणीतरी आकडे मोजतं आणि सगळे एकदम गुडघ्यांतून ताकद लावून तिला वर सोडतात. ती वर उलटते, गिरकी घेते आणि पाठीवर झोपल्यासारखी खाली येते. तिचं डोकं आणि मान वाचवणं हे बॅक स्पॉटचं काम. यात कोणाचंही लक्ष अर्धा क्षण हललं, तर खाली काय आहे यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं: मॅट आहे की बास्केटबॉलचं लाकडी मैदान. आणि ही फेक आज करायची का, मुलगी तयार आहे का, बेस थकलेत का, मॅट घालायची का, हे सगळं एकटा प्रशिक्षक ठरवतो. स्पर्धेत कोण उतरणार हेही तोच. टेक्सासमधल्या कॉर्सिकाना गावच्या नवारो कॉलेजवर नेटफ्लिक्सने मालिका केली, ती २०२० मध्ये जगभर पाहिली गेली. तिथे संघात चाळीसेक जण आणि मॅटवर जागा विसांनाच, हे सगळ्यांनी पाहिलं. अशा ठिकाणी दुखतंय म्हणून सांगायला कोण पुढे येईल? जागा जाण्याची भीती दुखण्यापेक्षा मोठी असते. नवारो हे दोन वर्षांचं कॉलेज, विद्यापीठ नव्हे. पण निवडीचं हे गणित मोठ्या विद्यापीठांत सौम्य होतं असं मानायला काही आधार नाही.

ज्यांना हे सगळं ‘मुलींचं’ वाटतं त्यांच्यासाठी थोडा इतिहास. नोव्हेंबर १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे उभं राहून घोषणा देववल्या, तिथून संघटित चीअरलीडिंग सुरू झालं असं मानतात. पुढची पंचवीसेक वर्षं हे काम पुरुषांचं होतं आणि मानाचं होतं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट हार्वर्डमध्ये चीअरलीडर होते, आयझेनहॉवर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत, धाकटे बुश शाळेत. मिनेसोटातच १९२३ पासून मुली येऊ लागल्या, दुसऱ्या महायुद्धात मुलगे आघाडीवर गेल्यावर त्यांची संख्या वाढली आणि त्यांची संख्या वाढल्यावर त्या कामाचा मान घटला. १९४८ मध्ये लॉरेन्स हर्किमर यांनी टेक्सासमध्ये पहिलं प्रशिक्षण शिबिर घेतलं, तेव्हा ५२ मुली आणि एक मुलगा आला होता. काम तेच. उलट पुढच्या काळात त्यात कोलांट्या, थर, फेकी आल्या आणि ते कितीतरी अवघड झालं. मान मात्र परत आला नाही. म्हणून चीअरलीडर जेव्हा चिडून म्हणतात की आम्हाला खेळाडू म्हणा, तेव्हा त्या रागाला इतिहासाचा आधार आहे, हे मी मनापासून मान्य करतो.

तरीही ‘आधी खेळ म्हणा, बाकी आपोआप होईल’ ही मागणी मला धोक्याची वाटते, आणि त्याचं कारण कनेक्टिकटमधल्या क्विनिपियाक विद्यापीठात घडलेलं आहे. २००९ मध्ये या विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करायचं ठरवलं आणि त्याच वेळी स्पर्धात्मक चीअरलीडिंगला अधिकृत संघाचा दर्जा दिला. अमेरिकेत १९७२ चा टायटल नाइन कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला त्यानुसार मुलींना खेळाच्या संधी मुलांच्या बरोबरीने द्याव्या लागतात, आणि ते तपासताना खेळाडूंची डोकी मोजली जातात. चीअर संघात कमी खर्चात जास्त मुली मोजता येतात. व्हॉलीबॉलच्या मुली आणि त्यांची प्रशिक्षक न्यायालयात गेल्या. सुनावणीत एकेक गोष्ट बाहेर आली. सरकारला आकडे पाठवायच्या दिवसापुरती मुलांच्या संघांतून नावं काढायची आणि नंतर परत घालायची, असा प्रकार झालेला होता. क्रॉस कंट्री धावणाऱ्या मुलींना बंदिस्त आणि खुल्या मैदानावरच्या अ‍ॅथलेटिक्स संघांतही घालून एकेकीला तीन-तीनदा मोजलं होतं. जुलै २०१० मध्ये न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी ३० चीअरलीडर आणि ११ धावपटूंच्या जागा हिशेबातून वजा केल्या. उरलेल्या हिशेबात विद्यापीठात मुली ६१.८७ टक्के आणि खेळाडूंमध्ये ५८.२५ टक्के निघाल्या. कायद्याचा भंग सिद्ध झाला आणि व्हॉलीबॉल वाचलं. २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही हाच निकाल कायम ठेवला.

या निकालावर तेव्हा फार टीका झाली आणि अजूनही होते: पुरुष न्यायाधीशाने मुलींच्या कष्टांचा अपमान केला, वगैरे. निकाल वाचला तर असं काही दिसत नाही. चीअरलीडिंग शारीरिकदृष्ट्या खडतर आहे हे दोन्ही न्यायालयांना मान्य होतं. त्यांनी पाहिली ती व्यवस्था. संघ मुली निवडायला विद्यापीठाबाहेर जात नव्हता. वर्षभराच्या स्पर्धांना एकसारखे नियम नव्हते, गुण देण्याच्या पद्धती जागोजागी वेगळ्या होत्या. प्रतिस्पर्धी कोण, तर कधी दुसरं विद्यापीठ, कधी खासगी क्लब, कधी शाळेचा संघ. भविष्यात हा खेळ ठरू शकेल, आज त्याची बांधणी तेवढी झालेली नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं. यात अपमान कुठे आहे? खो-खो पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातल्या पोरांनी खेळला. पण १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने समिती बसवून त्याचे नियम लिहिले, मैदानाची मापं आणि वेळ ठरली, तेव्हा दोन गावांच्या संघांना एका तराजूत तोलता येऊ लागलं. त्याआधीच्या पोरांचा दम कमी होता असं त्यातून कोणी म्हणत नाही. सिंक्रोनाइज्ड स्विमिंगलाही सुरुवातीला पाण्यातला नाच म्हणून हसलं गेलं. संगीत, पोशाख, हसरा चेहरा, सगळे आक्षेप अगदी हेच होते. काटेकोर नियम आणि गुणपद्धती बसल्यावर १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याची पदकं दिली गेली. हसणं कोणाला बंद करावं लागलं नाही.

क्विनिपियाकच्या दीड वर्ष आधी दुसऱ्या एका राज्यात झालेला निकाल मात्र मला अस्वस्थ करतो, आणि त्याची चर्चा या वादात जवळजवळ होतच नाही. विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेत सराव चालू असताना एक मुलगी मागच्या बाजूला पडली आणि तिचं डोकं फरशीवर आपटलं. खाली मॅट नव्हती. प्रशिक्षक दुसऱ्या गटाकडे होती. मागे उभं राहून झेलायचं काम असलेला सहकारी वेळेत जागेवर नव्हता. मुलीने भरपाईचा दावा केला. जानेवारी २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चीअरलीडिंगमध्ये शरीराशी शरीराचा संबंध येतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो अंगाशी भिडून खेळायचा सांघिक खेळ आहे. आणि अशा खेळात सहखेळाडूच्या निष्काळजीपणाबद्दल दावा करता येत नाही. शाळेलाही सरकारी संस्था म्हणून संरक्षण मिळालं.

आता हे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. प्रत्येक निकाल आपापल्या कायद्याच्या चौकटीत बरोबर असेल, मी ते नाकारत नाही. पण चीअरलीडरच्या वाट्याला काय आलं? जखमी होऊन न्याय मागायला गेली तेव्हा तिला सांगितलं गेलं की तू खेळाडू आहेस, धोका तूच पत्करलास. खेळाडू म्हणून मोजायची वेळ आली तेव्हा सांगितलं गेलं की तू अजून खेळाडू नाहीस. खेळाचा तोटा तिच्या पदरात आणि खेळाचा फायदा मात्र नाही. ‘खेळ आहे का’ या एकाच प्रश्नावर सगळं टांगलं की असं होतं, कारण त्याचं उत्तर ज्याला जसं सोयीचं तसं देता येतं. जबाबदारीच्या प्रश्नाचं तसं करता येत नाही.

‘आकडे फुगवून भीती घातली जाते’ असा एक आक्षेप जाणकारही घेतात, आणि त्यात तथ्य आहे. सगळ्या लहानमोठ्या दुखापती धरल्या तर चीअरलीडिंगचं प्रमाण मुलींच्या बऱ्याच खेळांपेक्षा कमी भरतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ च्या आपल्या निवेदनात हे नोंदवलं आहे. पण त्याच निवेदनात पुढची गोष्टही आहे: कवटी, मणका, मेंदू अशा आयुष्य उलटंपालटं करणाऱ्या दुखापतींत शाळा-कॉलेजातल्या मुलींमध्ये सर्वाधिक वाटा चीअरलीडिंगचाच निघतो. म्हणूनच या संघटनेने त्याला खेळाचा दर्जा द्यावा अशी शिफारस केली. कारण काय दिलं? मान नव्हे, सोयी: तपासणी, पात्र प्रशिक्षक, सरावाच्या जागी वैद्यकीय माणूस, नीट मैदान. डॉक्टरांना नावाशी काही देणंघेणं नव्हतं.

नियमांनी खरंच फरक पडतो का, की कागदं वाढतात? मार्च २००६ मध्ये सेंट लुइस इथे बास्केटबॉलच्या सामन्यात सदर्न इलिनॉय विद्यापीठाची एक चीअरलीडर थरावरून कठीण मैदानावर पडली. मानेच्या मणक्याला चीर गेली, डोक्याला मार बसला. स्ट्रेचरवरून नेताना विद्यापीठाचं गाणं वाजलं तेव्हा ती पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेत हात हलवून साथ देत होती, आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दूरचित्रवाणीवर ते दृश्य धैर्याचं उदाहरण म्हणून पुन्हापुन्हा दाखवलं गेलं. तिच्या धैर्याबद्दल शंकाच नाही. पण खाली मॅट का नव्हती, हे त्या दृश्याने झाकून टाकलं. सुदैवाने काहींनी ते विचारलं, आणि २००६-०७ च्या हंगामापासून मॅटशिवाय कठीण मैदानावर बास्केट टॉस बंद झाला. पुढे २००२ ते २०१७ या काळातल्या अतिगंभीर दुखापती संशोधकांनी तपासल्या, तेव्हा या नियमानंतर बास्केट टॉसमधल्या अशा दुखापतींचं प्रमाण साधारण चौथाईवर आलेलं दिसलं. एका ओळीचा नियम! फेक तीच, मुली त्याच, हिंमत तीच.

पण मॅट अंथरून भागत नाही, कारण सगळे धोके उंचीवरूनच येतात असं नाही. केंटकी विद्यापीठाचा संघ हा विद्यापीठीय चीअरलीडिंगमधला सगळ्यांत यशस्वी संघ. चोवीस राष्ट्रीय विजेतेपदं त्याच्या नावावर होती. मे २०२० मध्ये विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक आणि तिन्ही सहायकांना एका दिवसात काढून टाकलं. चौकशीत आढळलं होतं की विद्यापीठाबाहेरच्या शिबिरात आणि तळ्यावरच्या सहलीत दारू, अश्लील घोषणा, नव्या मुलांचा छळ आणि अर्धवट कपड्यांतल्या कसरती असे प्रकार चालत होते आणि प्रशिक्षकांनी त्यांना आळा घातला नव्हता. वर्षानुवर्षं संघाचे सल्लागार असलेले अधिकारी चौकशी सुरू झाल्यावर निवृत्त झाले. यावरही दोन तट पडले. माजी खेळाडूंपैकी अनेकांना प्रशिक्षकांवर अन्याय झाला असं वाटलं. बाहेरच्या कित्येकांनी ‘चीअरलीडर म्हटल्यावर दुसरं काय होणार’ असं म्हणून हात झटकले. पहिल्या तटाचं दुःख मी समजू शकतो. ज्या माणसाने आपल्याला घडवलं त्याच्याविषयी असं ऐकणं सोपं नसतं. दुसऱ्या तटाविषयी मला संताप आहे, कारण त्यांनी तक्रारीचा दोष तक्रार करणाऱ्यांच्या आवडीवर ढकलला. दोघांनीही न विचारलेला प्रश्न हा: चोवीस विजेतेपदं मिळेपर्यंत या प्रशिक्षकांच्या वर कोण होतं, आणि ते काय बघत होतं? विद्यापीठाने त्यानंतर संघाची देखरेख क्रीडा विभागाकडे सोपवली. जे पाऊल पहिल्या विजेतेपदाच्या वेळी उचलायला हवं होतं ते चौकशी झाल्यावर उचललं गेलं.

पुढच्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एका चीअरलीडरने विद्यापीठावर दावा लावला. सामन्यांआधी देणगीदारांच्या मेजवान्यांत आपल्याला गणवेशात मिसळायला पाठवलं जाई, तिथे अंगाला हात लावले जात आणि तक्रार केल्यावर दाद मिळाली नाही, असे तिचे आरोप होते. हे आरोप आहेत, तेवढंच मी इथे म्हणतो. पण फुटबॉलच्या खेळाडूला असं काम कोणी कधी सांगेल का? चीअरलीडरला सांगता येतं, कारण तिचं विद्यापीठातलं स्थान ठरलेलंच नसतं. ती खेळाडू की विद्यार्थी प्रतिनिधी की जाहिरातीतला चेहरा? तिच्या प्रशिक्षकाला पुष्कळ ठिकाणी अर्धवेळ मानधनावर नेमलेलं असतं, आणि तो क्रीडा विभागाला उत्तर देतो, विद्यार्थी कल्याण विभागाला की जनसंपर्काला, हे विद्यापीठागणिक बदलतं. सरावाच्या तासांना मर्यादा घालणारे एनसीएएचे, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांच्या नियामक संघटनेचे, नियम मान्यताप्राप्त खेळांसाठी असतात. चीअरलीडिंग त्या यादीत नसल्याने ते त्याला आपोआप लागू होत नाहीत. विम्याचं मात्र वेगळं. गंभीर दुखापतीचं विमासंरक्षण हवं तर सुरक्षेचं प्रमाणपत्र असलेल्याच प्रशिक्षकाची देखरेख हवी, ही अट २००६ नंतर घातली गेली. विम्याच्या हिशेबनिसांना जे कळलं ते विद्यापीठांच्या कुलगुरूंना कळायला काय हरकत होती?

माझ्या म्हणण्यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की इतके नियम लादले तर विद्यापीठं संघच बंद करतील किंवा मुलींना जमिनीवर उतरवतील. असं झालेलं आहे. नेब्रास्का विद्यापीठात १९९६ मध्ये सरावात एक मुलगी जायबंदी झाली. तिला भरपाई द्यावी लागल्यावर २००२ पासून तिथल्या संघाचे थर आणि फेकी बंद करण्यात आल्या. मान्यता मिळूनही संघ टिकतोच असं नाही, हेही खरं. स्पर्धात्मक चीअरलीडिंगला अधिकृत दर्जा देणारं पहिलं मोठं विद्यापीठ मेरीलँड, साल २००३. तिथेच २०१२ मध्ये तुटीचं कारण देऊन इतर काही संघांबरोबर हाही संघ मोडला. हे मी खोडून काढू शकत नाही. पण सुरक्षितपणे चालवायला परवडत नाही म्हणून एखादं विद्यापीठ फेकी बंद करत असेल, तर याआधी त्या फेकींची किंमत कोण देत होतं, हे तेवढ्यात कळतं. मुली आणि त्यांचे आईबाप देत होते.

दुसरा आक्षेप जुन्या चीअरलीडरांचा, आणि तो भावनेचा असला तरी हलका नाही. खेळाचा दर्जा मिळवण्याच्या नादात चीअरलीडिंगचं चीअरलीडिंगपण जातं, असं त्यांचं म्हणणं. तसं झालंही. क्विनिपियाकच्या खटल्याच्या काळात काही विद्यापीठांनी मिळून अ‍ॅक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग नावाचा खेळ बांधला: समोरासमोर सामने, ठरलेले प्रकार, ठरलेले गुण. त्यात ओरेगन होतं, बेलर होतं, खुद्द क्विनिपियाकही होतं. दुसऱ्या बाजूने स्टंट नावाचा प्रकार उभा राहिला. दोन्ही पुढे एनसीएएच्या मुलींसाठीच्या उदयोन्मुख खेळांच्या यादीत आले. त्यांत पॉम-पॉम म्हणजे हातातले चमकते गोंडे नाहीत, प्रेक्षकांना साद घालणं नाही आणि मुलगेही नाहीत. ज्या मुलग्यांनी बेस म्हणून वर्षानुवर्षं मुलींना झेललं, त्यांना या वाटेवर जागा उरली नाही, हे मला खटकतं. पण म्हणूनच मी मान्यतेचा आणि जबाबदारीचा प्रश्न वेगळा ठेवा म्हणतो. ज्यांना काटेकोर खेळ हवा त्यांनी त्या वाटेने जावं. ज्यांना मुलग्यांसह, गाण्यासह, सामन्याच्या कडेला उभं राहून आपल्या विद्यापीठासाठी ओरडायचं आहे त्यांनी तेच करावं. मॅट, डॉक्टर आणि प्रशिक्षकावर लक्ष ठेवणारा वरिष्ठ दोघांनाही सारखाच लागतो.

तिसरं म्हणणं असं की या क्षेत्राची स्वतःची संघटना आहे, ती नियम करते, विद्यापीठांनी नाक खुपसू नये. इथे मी बिलकुल सहमत नाही. अमेरिकेत चीअरलीडिंगच्या मोठ्या स्पर्धा भरवणं, उन्हाळी शिबिरं घेणं आणि गणवेश विकणं हे मुख्यतः व्हार्सिटी या एकाच उद्योगसमूहाकडे आहे. प्रतिस्पर्ध्यांना बाजारात येऊ दिलं नाही या आरोपांच्या खटल्यांत या समूहाने २०२३ मध्ये ४.३५ कोटी आणि २०२४ मध्ये ८.२५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. जो स्पर्धेचं तिकीट विकतो त्याच्याच घरातून सुरक्षेचे नियम यावेत, आणि ते जास्तीत जास्त कडक असतील असं सगळ्यांनी समजून चालावं, हे कुठल्या व्यवहारात बसतं? त्यांचे नियम वाईटच असतात असं मी म्हणत नाही. २००६ चा नियम याच वर्तुळातून आला आणि त्याने जीव वाचवले. पण विद्यार्थी विद्यापीठाचा आहे. त्याची काळजी बाहेर कंत्राटाने देता येत नाही.

महाराष्ट्राने हा सगळा वाद दहीहंडीच्या रूपाने स्वतःच्या अंगणात पाहिलेला आहे, आणि तोही असाच बिघडवला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थरांची उंची वीस फुटांवर आणली आणि अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली आणि वयाची अट चौदावर आली. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, मृत्यू झाल्यास दहा लाखांची मदत आणि सरकारी नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात गोविंदांना स्थान. त्यावर महाराष्ट्र कडाडून भांडला, पण कशावर? अभ्यास करणाऱ्या मुलांवर अन्याय होतो का, हा धर्माचा प्रश्न आहे का, गोविंदा खेळाडू आहे का, यावर. वरच्या थरावरच्या पोराला कोणी शिकवलं, त्या शिकवणाऱ्याची पात्रता कोण तपासतं, कमरेला दोरी होती का, खाली गादी होती का, आयोजकावर नेमकं काय बंधन आहे, हे प्रश्न त्या भांडणात कुठल्या कुठे गेले. दर्जा जाहीर करायला एक भाषण पुरतं. झेलण्याची व्यवस्था उभी करायला वर्षं लागतात आणि तिच्यासाठी टाळ्या मिळत नाहीत.

आंतरराष्ट्रीय पातळीवर चीअरलीडिंगच्या संघटनेला ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली, त्यामुळे खेळ की नाच हा वाद पुढच्या काही वर्षांत आपोआप थंडावेल असं दिसतं. त्याने माझी काळजी कमी होत नाही. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आता मराठी घरांतल्या मुलीही शाळेतल्या चीअर संघांतून विद्यापीठाच्या ट्रायआउटला म्हणजे निवड चाचणीला जातात. त्यांच्या आईवडलांना माझं सांगणं आहे की गणवेश किती आखूड आहे ते नंतर बघा. आधी प्रशिक्षकाला भेटा आणि विचारा: सरावाच्या वेळी वैद्यकीय प्रशिक्षित माणूस हजर असतो का, का फोन केल्यावर येतो? डोक्याला मार बसला तर परत मॅटवर कधी जायचं हे तुम्ही ठरवता की डॉक्टर? आठवड्याला सराव किती तास, आणि ती मर्यादा कुठे लिहिलेली आहे? शिबिराला आणि सहलीला बरोबर कोण असतं? तुमच्याविरुद्ध तक्रार करायची झाली तर माझ्या मुलीने कोणाकडे जायचं, आणि तो माणूस तुमच्या हाताखालचा नाही ना? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी दुखावत नाही. त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. ती उत्तरं तोंडी न घेता विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून लेखी मागा. आणि तो विभाग म्हणाला की चीअरलीडिंग आमच्याकडे येत नाही, तर मग कोणाकडे येतं ते नाव त्याच पत्रात लिहून द्यायला सांगा.